कोरी काडी

रक्त द्यायची लाज कोणालाच वाटत नाही. हात पुढे करतात, मान वळवतात, झालं. लघवीची बाटली पिशवीत लपवून आणतात, पण आणतात. आमच्या काडीचं नाव काढलं की मात्र भलेभले खाली बघायला लागतात. टोकाला कापूस लावलेली ती काडी गुदद्वारात घालून फिरवावी लागते. हे मी इथे स्पष्टच लिहिते आहे, कारण ते स्पष्ट न बोलण्यातूनच पुढचं सगळं घडलं.

मी एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. एकोणतीस वर्षं जंतू वाढवते. लोक मुलं वाढवतात, झाडं वाढवतात, मी जंतू वाढवते. त्यातले काही असे निर्ढावलेले असतात की त्यांना कुठलंच औषध लागू पडत नाही. असले जंतू माणसाच्या आतड्यात महिनोन्‌महिने गुपचूप राहतात. माणूस जेवतो, हसतो, कामावर जातो, त्याला पत्ताही नसतो. पण हाच माणूस जर एखाद्या अशा रोग्याच्या शेजारच्या खाटेवर येऊन पडला, ज्याच्या रक्तात प्रतिकार करायला एक पेशी उरलेली नाही, तर मग खेळ खल्लास. म्हणून अशा वॉर्डात जाणाऱ्या प्रत्येकाची आधी काडी घ्यायची, असा आमच्याकडे नियम आहे.

काडी माझ्याकडे येते. मी ती एका प्लेटवर फिरवते. त्या प्लेटमधल्या खाद्यात आधीच आमच्याकडचं सगळ्यात कडक औषध मिसळलेलं असतं. साधे जंतू त्यावर मरतात. जे निर्ढावलेले, तेच उगवतात. रात्रभर प्लेट उबेत ठेवायची आणि सकाळी उजेडात धरून बघायची. निळे ठिपके दिसले, तर रोगी वेगळ्या खोलीत. प्लेट रिकामी असली, तर सगळ्यांबरोबर.

पण रिकामी प्लेट दोन कारणांनी रिकामी राहते. एक तर त्या माणसाच्या पोटात तसले जंतू नसतात, किंवा काडी जिथे लागायला हवी तिथे लागलेलीच नसते. म्हणून आमच्या खिडकीवर माझ्याच अक्षरात एक कागद चिकटवलेला आहे: कापसाला डाग नसेल तर काडी परत. पांढरीशुभ्र काडी आली की मी वॉर्डात फोन लावते. "सिस्टर, ही काडी पेशंटला लावली होती की नुसती दाखवली?" माझं तोंड असं सुटतं, म्हणून सगळ्या वॉर्डांत मला खडूस म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. खरं तर थोडा अभिमानच होता.

दादा माझा मोठा भाऊ. टेलर. गिऱ्हाइकांच्या फक्त पॅंटी शिवतो, शर्टाला हात लावत नाही. चाळीस वर्षं परक्या माणसांच्या कंबरा मोजत आला, पण स्वतः इतका लाजाळू की दोरीवर चड्डी कधी उघडी वाळत घातली नाही, वरून टॉवेल. आई म्हणायची, याची चड्डी कुबट वास मारून मरेल पण उन्हात येणार नाही. डॉक्टर तपासायला आले की तो छताकडे बघत राहायचा. माझ्या शाळेचे सगळे युनिफॉर्म मात्र त्यानेच शिवले. मी उंच होत गेले तशी दरवर्षी खालची घडी उसवून लांबी वाढवून द्यायचा, आणि द्यायच्या आधी दोनदा इस्त्री करायचा.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच्या हाडांतल्या मगजात आजार निघाला. औषधांनी आटोक्यात आला. पुढची पायरी अशी होती: त्याच्याच पेशी काढून गोठवून ठेवायच्या, मग त्याला असं जालीम औषध द्यायचं की मगज पार साफ होईल, आणि त्या ठेवलेल्या पेशी परत सोडायच्या. मधले दहाबारा दिवस अंगात प्रतिकार शून्य. त्यासाठीच्या खोल्या आमच्याकडे मोजक्या. एका खोलीत दोन खाटा, मध्ये पडदा, आत एक संडास, पुढे काचेची भिंत. आणि एकट्याची खोली एकच, तिच्यासाठी पाच आठवड्यांची रांग.

बड्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून नीट सांगितलं होतं. "आजार सध्या शांत आहे. पाच आठवडे थांबावं लागलं तरी फार बिघडणार नाही. पण दोघांच्या खोलीतली एक खाट रिकामी होते आहे, परवा सकाळी रिपोर्ट हातात असेल तर देऊन टाकू. नसेल तर ती पुढच्या माणसाला जाईल." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. वहिनीने त्यातलं फक्त खाट हे ऐकलं, आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "ताई, आता थांबायला नको हो. माझ्यात आता ताकद नाही."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दादाची काडी आली. नळीवर त्याचं नाव. मी झाकण फिरवून काडी उजेडात धरली. कापूस दुकानातून आणल्यासारखा होता.

मी वॉर्डात फोन केला. तिथली सिस्टर कामाला चोख, पण स्वभावाने मऊ. ती म्हणाली, "अहो, त्यांनी स्वतःच घेतली आत जाऊन. मला हात लावू देईनात. म्हणाले, लॅबमध्ये माझी धाकटी बहीण आहे, तीच हे बघणार. कान लाल झाले होते हो त्यांचे. मला पुढे काही बोलवेना."

मला ते कान दिसले. नियमाप्रमाणे मी काडी परत पाठवायला हवी होती. मग सिस्टर हातमोजे घालून त्याच्या खाटेशी उभी राहिली असती, तो कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून पडला असता, आणि ती डागाळलेली काडी त्याच्या बहिणीकडे आली असती. त्याला तर तोंड दाखवायची लाज वाटली असती. शिवाय नवी काडी येईपर्यंत दुपार, प्लेट उद्या दुपारपर्यंत तयार नाही, खाटा ठरवायची सकाळची बैठक गेली, खाट गेली. शेजारच्या टेबलावर माझी ज्युनिअर बसली होती. तिला म्हणता आलं असतं, ही तू बघ. तेही मी केलं नाही. तीन महिन्यांपूर्वी दादा दुसऱ्या एका इस्पितळात तापाने अकरा दिवस पडून होता आणि तिथे त्याला शिरेतून भरमसाठ औषधं दिली होती, हेही मला माहीत होतं. असल्याच माणसांच्या पोटात हे जंतू मुक्काम ठोकतात. ज्युनिअर मुलींना हे मीच शिकवते.

मी "ठीक आहे सिस्टर" म्हटलं आणि फोन ठेवला. ती काडी प्लेटवर फिरवली. रजिस्टरमध्ये नमुना कसा होता त्याचा एक रकाना आहे, त्यात लिहिलं: योग्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट रिकामी होती. ती बघून मला आनंद झाला. जिला सगळं माहीत होतं तिला आनंद झाला. माणूस स्वतःला किती सहज गुंडाळतो, त्याचं मला आजही नवल वाटतं. मी रिपोर्टवर सही केली आणि वहिनीला फोन करून म्हटलं, "मिळाली खाट." ती फोनवरच रडली.

दादाच्या शेजारच्या खाटेवर बावीस वर्षांची एक पोर होती. रक्ताचा कर्करोग. तिची औषधं संपत आली होती, बहुतेक ती घरी जाणार अशीच चिन्हं होती. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, पण जिभेला धार. इस्पितळाचा गाऊन मागे उघडा असतो, त्याला ती "रंगमंचाचा पडदा" म्हणायची. दादा आधी दोन दिवस तिच्याकडे बघेना. तिसऱ्या दिवशी त्याने सिस्टरकडे सुईदोरा मागितला आणि तिच्या दोन गाऊनांचे बंद काढून बाजूला नीट शिवून दिले, मागे एक चुणी घातली. पोर तो घालून काचेपाशी आली आणि आम्हाला गिरकी घेऊन दाखवली. "टेलरकाका, पुढचं माप कधी घेताय?" म्हणाली. दादा छताकडे बघत हसला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच हसताना दिसला, म्हणून मला ती पोर फार आवडायला लागली.

तिचे वडील एका बेकरीत भट्टीवर कामाला. पहाटेची पाळी संपवून, अंघोळ करून दुपारी यायचे, तरी कानामागे पीठ राहिलेलंच असायचं. कमी बोलायचे. काचेला हात लावून उभे राहायचे आणि पोर आतून त्यांना चिडवायची. वहिनीची आणि त्यांची चांगली ओळख झाली होती. दोघं बाहेरच्या बाकावर शेजारी बसायचे आणि कोणाच्या पेशी आज किती झाल्या, याचीच चर्चा करायचे.

नवव्या दिवशी पोरीला थंडी वाजून ताप आला. तिच्या रक्ताच्या बाटल्या आमच्या यंत्रात आल्या आणि दुसऱ्या सकाळी आठलाच जंतू वाढल्याचा दिवा लागला. इतक्या लवकर दिवा लागणं चांगलं नसतं. मी थेंब काचेवर घेतला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. लाल, आखूड काड्यांसारखे जंतू, सगळीकडे. वॉर्डात फोन करून कळवलं. पुढच्या दिवशी औषधांच्या चकत्या लावलेली प्लेट बाहेर काढली. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. इथे जंतू प्रत्येक चकतीला अगदी चिकटून उगवले होते. सोळा चकत्या, एकीभोवतीही वर्तुळ नाही. मी खुर्चीत बसले. रिपोर्ट टाइप करायचा होता तो ज्युनिअरला करायला सांगितला.

जे एक औषध जुनं म्हणून कपाटात मागे पडलेलं असतं आणि मूत्रपिंडं खराब करतं, तेही त्यांनी दिलं. ताप आल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी दोनला पोर गेली. दादा पडद्याच्या पलीकडेच होता. त्याला कोणी काही सांगितलं नाही, पण त्याने पडद्याखालून पाय मोजले होते, आधी किती माणसं आत आली आणि मग किती सावकाश बाहेर गेली ते. संध्याकाळी मला काचेतून म्हणाला, "पोर गेली ना?" मी मान हलवली. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

त्याच आठवड्यात दादाच्या पेशी वर आल्या. डॉक्टर खूश. नियमाप्रमाणे त्या खोलीतल्या माणसाची परत काडी घ्यायची होती. या वेळी वरून हुकूम होता, काडी सिस्टरनेच घ्यायची. काडी आली तेव्हा कापसाला व्यवस्थित डाग होता. दुसऱ्या सकाळी दादाची प्लेट निळीशार होती. ठिपके मोजायला जागा नव्हती, एकात एक मिसळले होते.

सगळ्यांनी एकच अर्थ काढला. दादा आला तेव्हा त्याची प्लेट रिकामी होती, मग त्याला हे पोरीकडून लागलं. मीही दोन दिवस हेच घोकलं. पण पोर भरती झाली तेव्हाची तिचीही प्लेट रिकामी होती, आणि तिच्या रिपोर्टवर नमुना योग्य असं लिहिलेलं होतं. तो विचार आला की मी कामाला लागायचे. दोन दिवसांत मी सगळी कपाटं आवरली.

वहिनीचं तोंड मात्र सुरू झालं. "पाहिलंत ना ताई, त्या मुलीने जाताजाता आपल्याला प्रसाद दिला. बिचारी म्हणून मी तिच्या बापाला चहा पाजत होते." मी म्हटलं, "वहिनी, गप्प बस." ती म्हणाली, "मी का गप्प बसू? माझा माणूस मरता मरता वाचला."

चौकशी करणाऱ्या डॉक्टरांनी मला सांगितलं, तुमच्या भावाचे जुने कागद आणून द्या. वहिनीची एक प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्यात तिने प्रत्येक कागद जपून ठेवला आहे, वाचलेला एकही नाही. मी ती पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. एका एक्स-रेच्या पाकिटात मागे घडी घातलेला एक कागद निघाला. त्या दुसऱ्या इस्पितळातला लघवीचा रिपोर्ट. दादाला घरी सोडल्यावर तीन दिवसांनी तयार झालेला, वहिनीने खिडकीवरून आणलेला. ताप तेव्हा गेला होता, म्हणून कोणाला दाखवलाच नाही. त्यावर त्याच जंतूचं नाव होतं आणि खाली सोळा औषधांची तीच यादी, तोच निकाल. तारीख तीन महिन्यांपूर्वीची.

ते जंतू दादाने बरोबर आणले होते. त्याच्याकडून ते त्या पोरीकडे गेले. संडासाच्या कडीवरून, नळाच्या खटक्यावरून किंवा त्या गाऊनच्या बंदांवरून, नक्की कशावरून ते कोणालाच सांगता येणार नाही. मी बाकीचे कागद डॉक्टरांना दिले. तो एक घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवला, आणि संध्याकाळी माझ्या लॉकरमध्ये.

चौकशीची बैठक झाली. बेसिनच्या मोरीत काही जंतू सापडले, पण वेगळ्या जातीचे. अहवालात लिहिलं, स्रोत निश्चित करता आला नाही. कोणाला दोष नाही, कोणाला शिक्षा नाही. टेबलापलीकडे ती मऊ स्वभावाची सिस्टर बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही दोघींनी आपापल्या कागदांकडे बघायला सुरुवात केली. मला वाटलं, पचलं. हाच शब्द मनात आला आणि मला स्वतःची शिसारी आली, पण सुटल्यासारखंही वाटलं.

पंधरा दिवसांनी, दुपारी सगळे जेवायला गेले असताना, रिपोर्टच्या खिडकीवर कोणी तरी टकटक केली. पोरीचे वडील होते. दाढी वाढलेली. कानामागे पीठ नव्हतं, म्हणजे कामावर जात नव्हते.

"मॅडम, एकच विचारायचं होतं. पावात जंतू असतात का?"

"कुठल्या पावात?"

ते खिडकीच्या फळीकडे बघत बोलले. "तिचं तोंड सोललं होतं. काही गिळवत नव्हतं. रोज म्हणायची, बाबा, तुमच्या भट्टीतला मऊ पाव आणा ना, आतला नुसता मऊ भाग. बाहेरचं काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एक दिवस मी आणला. स्वच्छ कागदात गुंडाळून शर्टाच्या आत. मास्क, झगा घालून आत गेलो तेव्हा तिला भरवला. चार घास. दुसऱ्या दिवशी ताप आला."

त्यांनी बोटाने फळीवरची धूळ पुसली.

"ती गेली त्या दिवशी मी हिला सांगितलं. तिच्या आईला. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. ताट ठेवते आणि आत जाते." त्यांनी नाक ओढलं. "आणि कागद न्यायला आलो तेव्हा तुमच्या वहिनींनी मला जिन्यात सांगितलं की आमच्या पोरीमुळे तुमच्या भावालाही लागलं. त्यांनी तर तिला गाऊन शिवून दिला होता. म्हणून म्हटलं, तुमची माफी मागावी. भावाला सांगा, तिने काही मुद्दाम केलं नाही."

"पावामुळे काही झालेलं नाही," मी म्हटलं. "भट्टीतून निघालेल्या पावात हे जंतू नसतात."

"सगळे असंच म्हणतात. डॉक्टरही म्हणाले. धीर द्यायला म्हणतात, कळतं मला." त्यांनी मान वर केली. "मग आलं कुठून? हे कोणीच सांगत नाही."

इथे मला गप्प बसता आलं असतं. माहीत नाही म्हणायचं, अहवालात तसंच लिहिलं होतं. पण समोर एक माणूस चार घास पावासाठी स्वतःला खुनी ठरवून बसला होता, त्याची बायको त्याला खुनी ठरवून बसली होती, आणि तो माझ्याकडे माफी मागत होता. मला ते सहन होईना. मी बाजूचं दार उघडून त्यांना आत घेतलं, स्टुलावर बसवलं. लॉकरमधून तो कागद आणला आणि सगळं सांगितलं. काडी, कापूस, दादाचे कान, खाट, मी लिहिलेलं योग्य. सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

त्यांनी तो कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "डाग नव्हता."

"नव्हता."

"तुम्हाला दिसलं होतं."

"हो."

"परत पाठवली असती तर काय झालं असतं?"

"दादाला त्या खोलीत ठेवलं नसतं. पाच आठवडे थांबावं लागलं असतं."

"आणि थांबले असते तर ते वाचले असते?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. "हो," मी म्हटलं. "आजार शांत होता. थांबून फार काही बिघडलं नसतं."

ते टेबलावरच्या प्लेटांच्या उतरंडीकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "तिची दोनदा घेतली होती."

"काय?"

"काडी. आमच्या पोरीची. पहिली परत आली म्हणे लॅबमधून, नीट नाही म्हणून. ती फार रडली होती त्या दिवशी. मी तिला समजावलं, अगं, तपासणाऱ्या बाई कडक आहेत ते बरंच आहे, तुझ्याच भल्यासाठी आहे."

मी रजिस्टर काढलं. मला नावं लक्षात राहत नाहीत, रोज साठ-सत्तर काड्या येतात. दादाच्या आधी काही पानं मागे तिचं नाव सापडलं. माझंच अक्षर. परत. आणि खाली दुसऱ्या दिवशी, त्याच नावापुढे, योग्य. मी ते पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी दोन्ही ओळींवर बोट ठेवून वाचल्या. मग मी दादाच्या नावाचं पान उघडलं, तेही त्यांनी वाचलं.

"लिहून द्या हे मला," ते म्हणाले. "मी तोंडाने सांगितलं तर हिला पटायचं नाही. वाटेल, सुटायला बघतोय."

मी लॅबचा छापील कागद घेतला. एकेक वाक्य सावकाश लिहिलं. पावाचा काही संबंध नाही. भावाच्या काडीला डाग नव्हता. मला दिसत होतं. तरी मी ती स्वीकारली. हे जंतू त्याच्याकडून तुमच्या मुलीला लागले. खाली सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि परत माझ्यापुढे ठेवला. आवाज चढलेला नव्हता.

"तिची परत पाठवली होती, तेही लिहा," ते म्हणाले. "आणि पाच आठवड्यांचं."

मी सहीच्या वर राहिलेल्या जागेत बारीक अक्षरात ते दोन्ही लिहिलं. मग त्यांनी आणखी एक कोरा कागद मागितला. म्हणाले, अशीच एक प्रत तुमच्या साहेबांसाठी करा, मी इथे बसतो. मी दुसरी प्रत लिहायला घेतली.